मीठ वाहणाऱ्या ट्रेलरचा गंज: रंग बदलण्याआधी काय बघाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या एका वाहतूकदारांकडे चाळीस फुटी दोन ट्रेलर आहेत. दहेज-जंबुसर पट्ट्यातलं मीठ रणोली, नंदेसरीकडे आणायचं, मध्येच कधी खताची पोती भरायची, असं काम. दरवर्षी दिवाळीनंतर तारेचा ब्रश मारून रेड ऑक्साईडचे दोन हात, वर इनॅमलचे दोन हात. तरी पुढच्या श्रावणात क्रॉस मेंबरवर (फ्लोअरखालच्या आडव्या तुळयांवर) फोड येतात आणि दिवाळीपर्यंत खपल्या हातात येतात. आता एक जण इपॉक्सी (दोन डबे मिसळून मारायचा रंग) सुचवतो, दुसरा म्हणतो खालून डांबर मारून घ्या, तिसरा म्हणतो गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा मुलामा) करून मोकळे व्हा. शिवाय पादऱ्याच्या शेतावर एक ट्रॅक्टरची ट्रॉली आहे, तिच्या लाकडी फळ्यांखालची पट्टी हातानं मोडते. काय करावं?

मकरपुरा जीआयडीसीत माझं फॅब्रिकेशन आणि ब्लास्टिंग (हवेच्या दाबानं खडे मारून लोखंड साफ करणं) व पेंटिंगचंच काम आहे, आणि मीठ वाहणाऱ्या गाड्या आमच्याकडे नेमानं येतात. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: धुण्याचा उल्लेख त्यात कुठंही नाही. तारेचा ब्रश आहे, चार हात रंग आहे, पण त्याआधी गोड्या पाण्यानं गाडी खालून धुतली का, ते लिहिलेलं नाही. रंग मिठावर बसतोय. अशा बुडावर जगातला सगळ्यात महागडा इपॉक्सी मारला तरी तो फुगणारच, फक्त एखादं वर्ष उशिरा.

हे कसं घडतं ते नीट सांगतो, कारण पुढचा सगळा खर्च यावर ठरतो. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. स्वच्छ लोखंड साधारण 60 टक्क्यांच्या खालच्या आर्द्रतेत फारसं गंजत नाही. म्हणजे आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या कोरड्या दुपारी ते जवळजवळ सुरक्षित असतं. पण त्यावर मीठ असलं की हिशेब बदलतो. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. आगरातलं कच्चं मीठ शुद्ध नसतं, त्यात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, आणि ते 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणूनच मिठाच्या गाडीचा सांगाडा भर उन्हाळ्यातही हात लावला तर चिकट लागतो. त्यावर खत आलं की आणखी बिघडतं. म्युरेट ऑफ पोटॅश हेही क्लोराईडच आहे, आणि दोन वेगवेगळे क्षार एकत्र आले की ते एकेकट्यापेक्षा कमी आर्द्रतेत पाणी धरू लागतात. थोडक्यात, तुमचा ट्रेलर बारा महिने पावसात उभा आहे असं धरून चाला.

आता फोडांचं कारण. कुठलाही रंग पूर्ण जलरोधक नसतो, पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जातेच. खाली मिठाचा कण अडकलेला असेल तर तो ती वाफ ओढतो, खारं पाणी तयार होतं, ते पातळ व्हायला आणखी पाणी ओढतं, आणि रंगाला फोड येतो. फोड सुईनं फोडून बघा. आत पाणी निघालं आणि खालचं लोखंड काळसर असलं, तर रंगाच्या कंपनीला शिव्या देऊ नका, मीठ खालीच राहिलं होतं.

तपासायची एक घरगुती पद्धत सांगतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि पाण्याचं टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचं साधं मीटर घ्या. धुतलेल्या, वाळलेल्या क्रॉस मेंबरचा तळहाताएवढा भाग खडूनं आखा. कपात थोडं डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्याचं टीडीएस बघा, ते शून्याच्या जवळ असतं. स्वच्छ कापसाचा बोळा त्यात बुडवून आखलेला भाग नीट चोळा, बोळा कपात पिळा, पुन्हा चोळा, पुन्हा पिळा, मग मीटर बुडवा. गाडीच्या उंच, कोरड्या जागी, म्हणजे हेडबोर्डच्या (पुढच्या भिंतीच्या) बाहेरच्या बाजूला, हेच करून आकडा ताडून बघा. पाणी दर वेळी तेवढंच घ्या आणि हातात रबरी मोजे घाला, हाताचा घामही खारट असतो. क्रॉस मेंबरचा आकडा कितीतरी पट निघाला तर पुन्हा धुवा. प्रयोगशाळेतल्या चाचणीची सर याला नाही, पण रंगवायला घ्यायचं की नाही एवढं यावरून कळतं.

धुण्याचा क्रम उलटा केला की मेहनत वाया जाते. आधी कोरडंच झाडायचं: मीठ, खत, पोत्यांचे धागे, कोपऱ्यातला चिखल. मग खालच्या बाजूनं भरपूर पाणी, शेवटी वरून खाली. प्रेशर चांगलं, पण त्याहून महत्त्वाचं पाण्याचं प्रमाण, आणि तेही गोडं. जंबुसरकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी खारं असतं. त्या पाण्यानं धुऊन समाधान मानणारे ड्रायव्हर मी पाहतो, ते मीठ काढून मीठच लावत असतात. बडोद्यात आजव्याचं किंवा महीचं पाणी मिळतं, धुणं इथंच येऊन करा, शक्यतो त्याच दिवशी, रात्रीचं दव पडायच्या आत. पाण्याची प्रेशर गन चाकांच्या हबच्या ऑईल सीलवर आणि लाईटच्या सॉकेटवर रोखून धरू नका.

यानंतर गाडीखाली आडवं व्हा, हातात टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन. रंगाचं दुकान गाठण्याआधी हा एक तास द्या. रस्त्यावरून दिसणारी बाजू बहुतेक ठीकच असते, गंज वर बसत नाही. क्रॉस मेंबरचा चॅनल (इंग्रजी C आकाराचा गज) कसा बसवलाय ते बघा: तोंड वर असेल तर तो मिठाची पन्हळ आहे. चेकर प्लेट (फ्लोअरचा नक्षीदार पत्रा) मेन बीमवर, म्हणजे लांबीच्या मुख्य तुळईवर, जिथं टेकते तिथं सलग वेल्डिंग नसून टाके मारलेले असतील, तर दोन टाक्यांमधल्या फटीत पाणी केशाकर्षणानं शिरतं आणि उन्हातही वाळत नाही. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, त्यामुळे त्या फटीत गंज साठला की प्लेट वर उचलली जाते, कधी टाकाच तुटतो. वरून बघितलं तर फ्लोअरवर लाटा दिसतात. ड्रायव्हर म्हणतो जड माल पडला, खरं तर खालून गंजानं ढकललंय. मडगार्डच्या मागची बाजू, कंटेनर अडकवायच्या ट्विस्ट लॉकच्या खोबणी, साइड बॉडीच्या बिजागऱ्या आणि गसेटचे (सांधा बळकट करणाऱ्या पत्र्यांचे) त्रिकोणी कोपरे, इथंही हातोडी मारून आवाज ऐका. खणखणीत आला तर बरं, बद्द आला तर खाली पापुद्रा आहे.

पाणी साठतं तिथं वाट करून द्या. वर तोंड असलेल्या चॅनलला दोन्ही टोकांशी, वेबमध्ये (तळाच्या पट्टीत), 12 मिलिमीटरचं भोक पाडलं तर मोठं काम होतं. भोकाची धार घासून गोल करा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल. मात्र मेन बीमच्या वरच्या किंवा खालच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) ड्रिल लावू नका. सगळा ताण तिथं असतो आणि त्या भोकातून पुढं तडा जातो. टाक्यांमधल्या फटी साफ करून सलग वेल्डिंग करता आलं तर उत्तम, पण बीमवर सलग वेल्डिंग म्हणजे उष्णतेनं बाक यायची भीती, म्हणून ते काम जाणत्या फॅब्रिकेटरकडूनच घ्या. नाहीतर फट वाळवून, रंगाच्या पहिल्या हातानंतर पॉलियुरेथेन सीलंटनं बंद करा. ओल्या फटीवर सीलंट मारलं तर आतलं पाणी आतच कोंडतं, हे मिस्त्रीला दोनदा सांगा.

आता रंगाच्या आधीची सफाई. शक्य असेल तर ब्लास्टिंगच करून घ्या, तेही सर्वसाधारण नदीच्या वाळूनं नाही. त्या धुळीनं माणसाच्या फुप्फुसाला सिलिकोसिस होतो. कॉपर स्लॅग, गार्नेट किंवा स्टील ग्रिट वापरणारा माणूस शोधा. सफाईची ग्रेड एसए अडीच (Sa 2½) मागा. त्यात लोखंड जवळजवळ पांढरट-राखाडी दिसतं आणि पृष्ठभागाला सुमारे 40 ते 75 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खरखर येते, रंगाची पकड तिच्यावरच बसते. एक गोष्ट सगळे विसरतात: ब्लास्टिंगच्या आधी ग्रीस आणि मीठ धुतलं पाहिजे, कारण ब्लास्टिंग ते लोखंडाच्या खड्ड्यांत ठोकून बसवतं. आणि ब्लास्ट केलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवायचं नाही. त्याच दिवशी पहिला हात, नाहीतर सकाळी पिवळी झाक आलेली असते.

ब्लास्टिंग परवडत नसेल तर ग्राइंडर, फ्लॅप डिस्क आणि चिपिंग हॅमर. ग्राइंडरवरचा तारेचा कप ब्रश मात्र फसवा आहे. तो गंज काढतो असं वाटतं, पण बराचसा गंज घासून गुळगुळीत, चकचकीत करून ठेवतो, आणि त्यावर रंग धरत नाही. ब्रशनंतर फ्लॅप डिस्कनं किंवा जाड पॉलिश पेपरनं खरखर आणा. कारखान्यातून आलेल्या नव्या लोखंडावरचा निळसर पापुद्रा, ज्याला मिल स्केल म्हणतात, तोही काढायचा. जिथं त्याला चीर पडते तिथं उघड्या लोखंडाला बारीक पण खोल खड्डे पडतात. बाजारात मिळणारं रस्ट कन्व्हर्टर पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर चालतं, टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लानं तो गंज काळा, स्थिर होतो. खपल्यांवर त्याचा काही उपयोग नाही, आणि मीठ ते काढत नाही.

इपॉक्सी की रेड ऑक्साईड? रेड ऑक्साईडला लोक उगाच देव मानतात. त्यातला लाल रंग हाही आयर्न ऑक्साईडच, तो स्वतः गंज थोपवत नाही, फक्त थर देतो. आणि ब्रशनं मारलेला एक हात वाळून 30-35 मायक्रॉनच भरतो. साध्या शेताच्या ट्रॉलीला तो पुरेसा आहे, मिठाच्या गाडीला नाही.

ब्लास्टिंग केलं असेल तर पहिला हात झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर, वाळून 60 ते 75 मायक्रॉन. त्यावर मायकेशियस आयर्न ऑक्साईडचा (अभ्रकासारख्या चपट्या कणांचा) इपॉक्सी 100 ते 125. वर पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानदार ज्याला पीयू म्हणतात तो, 50-60. इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुरभुरतो, म्हणून वरचा पीयू हा चैन नाही. हातानं घासलेल्या लोखंडावर झिंक-रिच मारायचं नाही. त्यातल्या जस्ताचे कण लोखंडाला थेट चिकटले तरच ते लोखंडाऐवजी स्वतः झिजतात. मध्ये गंज राहिला तर ते नुसती महागडी राखाडी पूड. तिथं सरफेस टॉलरंट इपॉक्सी (कमी साफ झालेल्या लोखंडावरही धरणारा), दोन हातांत मिळून 200 ते 250 मायक्रॉन, आणि वर पीयू. जुन्या इनॅमलवर थेट इपॉक्सी मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट खालचा रंग उचलून सुरकुत्या पाडतं. जुनं सगळं काढायचं.

रंग किती लागेल याचा सरळ हिशेब: डब्यावर घन भागाचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते 60 टक्के असेल आणि तुम्हाला वाळल्यावर 100 मायक्रॉन हवे असतील, तर एका लिटरमध्ये कागदावर 6 चौरस मीटर होतात. स्प्रेमध्ये उडून जाणारा रंग धरला तर त्याहून कमी. मिस्त्री म्हणाला, एका लिटरमध्ये बारा-पंधरा मीटर काढून देतो, तर तो थिनर काढून देतोय. काम चालू असताना ओल्या रंगाची जाडी मोजायची दातेरी पट्टी मिळते, ती खिशात ठेवा. मिस्त्रीला ती दिसली की थिनरचा हात आपोआप आखडतो, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

कडांवर वेगळं लक्ष. ओला रंग धारदार कडेवरून मागं सरकतो, तिथं थर निम्मासुद्धा राहत नाही. म्हणून चॅनलच्या कडा ग्राइंडरनं साधारण 2 मिलिमीटरची गोलाई देऊन घ्या, आणि स्प्रे करण्याआधी सगळ्या कडा, वेल्डिंगचे सांधे, बोल्टची डोकी ब्रशनं एकदा भरून घ्या. वेल्डिंगचे उडालेले थेंब छिन्नीनं काढा, नाहीतर प्रत्येक थेंबाभोवती एक लाल ठिपका दिसेल. चेसिस नंबरवर आणि रिफ्लेक्टिव्ह टेपवर कागद चिकटवा. पीयू स्प्रे करणाऱ्याला कापडाचा रुमाल चालत नाही. त्याच्या हार्डनरमधलं (दुसऱ्या डब्यातल्या घट्ट करणाऱ्या द्रव्यातलं) आयसोसायनेट दमा लावू शकतं, योग्य रेस्पिरेटर हवाच.

हवामान तुम्ही बरोबर निवडता, दिवाळीनंतरचं. फक्त सकाळी घाई नको. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) निदान 3 अंशांनी जास्त हवं आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत. पावसाळ्यात हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू 26 च्या आसपास येतो, म्हणजे लोखंड 29 च्या खाली असलं तर रंगायला घेऊ नका. थंडीत रात्रभर उघड्यावर उभी गाडी सकाळी नऊलाही हवेपेक्षा गार असते. दहा-अकराला सुरू करा, चारला थांबा. दोन डब्यांचा रंग मोजूनच मिसळायचा, अंदाजानं नाही, आणि डब्यावर लिहिलंय तितका वेळ मुरू द्यायचा.

गॅल्व्हनायझिंगबद्दल: पद्धत अव्वल, पण तुमच्या आजच्या गाड्यांसाठी नाही. 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात सगळा सांगाडा बुडवायचा, तर ॲक्सल, पाटे, वायरिंग, ब्रेक सगळं उतरवावं लागतं, जुना रंग आम्लानं निघत नाही, आणि बंद बॉक्स सेक्शनला (चौकोनी पोकळ नळीला) हवेची भोकं नसतील तर आतली हवा तापून तो जस्ताच्या कढईत फुटतो. नवा ट्रेलर बनवून घ्याल तेव्हा डिझाइनपासूनच तसं ठरवा. 6 मिलिमीटरहून जाड लोखंडावर सरासरी 85 मायक्रॉन जस्त बसतं. गावाकडच्या स्वच्छ हवेत ते वर्षाला एक मायक्रॉनहूनही कमी झिजतं, म्हणजे पिढी निघते. किनाऱ्याच्या खाऱ्या, रासायनिक हवेत हाच आकडा 4 ते 8 होतो, आणि मीठ अंगावर पडत असेल तर त्याहून जास्त. गॅल्व्हनाइज्ड गाडीही धुवावी लागतेच. तिच्यावर साधं इनॅमल थेट मारू नका, जस्तावर ते सोलून निघतं.

डांबर नको. पहिलं वर्ष छान काळंभोर दिसतं, मग उन्हानं आणि खडीच्या माऱ्यानं चिरतं, चिरेतून खारं पाणी आत शिरतं आणि खाली काय चाललंय ते तुम्हाला दिसतच नाही. जळकं ऑईल मारणारेही आहेत. थोडा उपयोग होतो हे मी नाकारत नाही, पण ते ब्रेकच्या रबरी नळ्या आणि बुशिंग खराब करतं, धूळ आणि मीठ धरून ठेवतं, पावसात वाहून शेताच्या, नाल्याच्या पाण्यात जातं, आणि पुढं कधी रंगवायचं ठरलं तर त्या लोखंडावर रंग बसवणं म्हणजे शिक्षा. बॉक्स सेक्शनच्या आतल्या भागासाठी मेणाचं कॅव्हिटी वॅक्स मिळतं, लांब नळीनं भोकातून आत फवारायचं. त्यावर खर्च करा, ती जागा रंगानं कधीच पोहोचत नाही.

ऑगस्ट 2024 च्या पुरात तुमच्या गाड्या विश्वामित्रीच्या पाण्यात उभ्या होत्या का, ते लिहिलेलं नाही. असतील तर बॉक्स सेक्शनमध्ये अजून गाळ असणार, आणि गाळ ओलावा धरतो. टोकाची भोकं मोकळी करून आतून पाणी मारा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. हब उघडून बेअरिंगचं ग्रीस बघितलं नसेल तर आता बघा, दुधाळ झालेलं ग्रीस म्हणजे आत पाणी गेलेलं. तसंच ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचा नियम ड्रायव्हरला लावा, टाकी आतून गंजते आणि ते बाहेरून कधीच कळत नाही.

मेन बीमच्या फ्लँजला खोल खड्डे दिसले तर रंगाचा विषय तिथंच थांबवा. अल्ट्रासॉनिक मीटरनं उरलेली जाडी मोजून घ्या आणि मूळ जाडीशी ताडून बघा. गंजावर नवी पट्टी वेल्ड करून झाकणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. आतला गंज चालूच राहतो, आणि वरची पट्टी तो लपवते.

दोन्ही ट्रेलर एकदम काढू नका. ज्याच्या फ्लोअरला लाटा कमी, तो आधी घ्या, ब्लास्टिंगसकट पूर्ण करा. दुसऱ्याला यंदा फक्त धुणं, भोकं आणि फटी, आणि हातानं घासून सरफेस टॉलरंट इपॉक्सी. पुढच्या दिवाळीला दोन्ही गाड्यांखाली आडवे होऊन बघा, ब्लास्टिंगचे पैसे दुसऱ्यावर घालायचे का ते तुम्हीच ठरवाल.

ट्रॉलीला पीयूचा खर्च करू नका. हातानं मोडणारी पट्टी रंगवायचीही नाही, कापून काढून नवी टाका, आणि लगे हात तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या हातोडीनं तपासा. फळ्या पट्टीवर चपट्या बसल्यात, म्हणून खाली ओल राहते. फळी आणि पट्टीमध्ये बोल्टपाशी 5-6 मिलिमीटरचे वॉशर घाला म्हणजे हवा खेळेल, आणि दोन फळ्यांत बोट जाईल एवढी फट सोडा. पट्टीची वरची बाजू फळ्या बसवण्याआधी झिंक फॉस्फेट प्रायमर आणि इनॅमलनं रंगवा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या कडांसकट. फळ्यांना खालून-वरून अळशीचं तेल पाजा. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या. शेणखत वाहून झालं की त्याच दिवशी झाडून धुवा, आणि उभी करताना पुढचा दांडा उंच टेकवून मागचा फाळका उघडा ठेवा, म्हणजे पाणी मागून निघून जाईल.